सिंधूचा जबाब

राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’च्या शेवटच्या अंकात पोलीस घरात येतात. दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून तान्हं मूल गेलेलं आहे आणि सिंधू जखमी होऊन शेवटच्या घटका मोजते आहे. काय घडलं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तिला विचारलं जातं आणि ती सांगते, की मी पडले, त्यात लागलं, यांनी काही केलेलं नाही. २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्याच्या महिनाभर आधीच गडकरी नागपूरजवळच्या सावनेरला वारले होते. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं मराठी प्रेक्षक या जबाबावर रडत आला आहे. पातिव्रत्याचा कळस, त्यागाची परिसीमा अशा शब्दांत या प्रसंगाचं कौतुक झालं. मला मात्र हा जबाब त्यागाचा वाटत नाही. नवऱ्याच्या ताब्यात गेलेल्या संसारात बाईकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. पैसा जातो, माहेर तुटतं, येण्याजाण्याची मोकळीक संपते आणि सरतेशेवटी आपल्यावर काय गुदरलं हे सांगणारं तिचं तोंडही तिचं राहत नाही. सिंधूचा जबाब ही त्या हिरावण्यातली शेवटची पायरी आहे. मराठी नाटक-कादंबरीने हा क्रम फार बारकाईने टिपून ठेवला आहे. आपण तो नीट वाचला नाही, कारण आपलं लक्ष सतत मारहाणीवर खिळून राहिलं.

क्रम कसा आहे ते पाहण्यासाठी सुधाकरला थोडं बाजूला ठेवून नाटक सिंधूच्या बाजूने वाचावं लागतं. सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सोसत नाही, काही काळापुरती सनद जाते आणि दारुडा तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. इथून पुढची गोष्ट आपल्या आठवणीत दारूची आहे. सिंधूच्या वाट्याला काय येतं? घरातली चीजवस्तू जाते, हाती पैसा राहत नाही. भाऊ पद्माकर सुखवस्तू आहे, बहिणीवर त्याची माया आहे, तो मदत करू पाहतो. त्यानेच सुधाकरचा मान दुखावतो आणि दुसऱ्या कुणाची पैही घरात घेणार नाही अशा शपथेत सिंधू अडकते. मला ही शपथ नाटकाचा खरा सांधा वाटते. काठीचा मार नंतर येतो. शपथेने एकाच वेळी तीन वाटा बंद होतात. भावाकडून येणारा पैसा थांबतो. माहेरी जाऊन राहणं हे वचन मोडणं ठरतं. आणि कुणापुढे हात पसरणं म्हणजे नवऱ्याशी बेइमानी, असं तिचं तिलाच वाटू लागतं. मग ती लोकांचं दळण आणते आणि जात्याला बसते. बालगंधर्वांची जात्यावर बसलेली सिंधू पाहून सगळं थिएटर हळहळायचं. पण श्रीमंताघरच्या लेकीवर जातं ओढायची वेळ आली म्हणून ही हळहळ होती. भाऊ दारात उभा असताना ती वेळ का आली, याचं उत्तर शपथेत आहे. पद्माकर तिला न्यायला येतो तेव्हा नकार तिच्या तोंडून येतो. सुधाकरला दाराला कुलूप लावावं लागत नाही. म्हणूनच बघणाऱ्याला ती स्वतःहून राहिली असं दिसतं.

याच नाटकात गीताही आहे, तळीरामची बायको. तिचाही नवरा दारुडा, तिच्याही संसाराचे धिंडवडे निघालेले. पण नवऱ्याबद्दल बोलताना गीता शब्द गिळत नाही. गडकरींनी तिच्या तोंडी फटकळ, विनोदी भाषा दिली, त्यामुळे प्रेक्षक तिच्यावर हसतो आणि सिंधूसाठी डोळे पुसतो. दोघींची स्थिती जवळजवळ सारखी. जी खरं बोलते ती हास्याचा विषय होते आणि जी खोटं बोलून नवऱ्याला वाचवते ती वंदनीय ठरते, हा प्रेक्षकाच्या मनातला निवाडा नाटकाहूनही जास्त बोलका आहे. नवऱ्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्या बाईला आपण काय किंमत देतो, हे त्या हशावरून कळतं. सिंधूला ती किंमत ठाऊक असणारच.

यावर पहिला आक्षेप सहज येईल, की हे आजचे विचार शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकावर लादणं झालं. गडकरींना दारूचे दुष्परिणाम दाखवायचे होते. त्यांच्या काळात पतिव्रता हाच आदर्श होता, नियंत्रण वगैरे गोष्टी तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हत्या. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. या नाटकाच्या सदतीस वर्षं आधी, १८८२ साली, आपल्याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला आणि पुण्यात छापून घेतला. निमित्त सुरतेच्या एका खटल्याचं होतं. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी उलट विचारलं, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? नवरा कसाही असला तरी त्याला देव मानायचं, तर देवासारखं वागण्याची जबाबदारी त्याच्यावर का नाही? आणि त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ अशा त्या काळच्या कथा-नाटकांचाही त्यांनी समाचार घेतला. पुरुषांनी लिहिलेल्या गोष्टींत बाई कशी रंगवली जाते, हा प्रश्न एका वऱ्हाडी बाईने तेव्हाच उभा केला होता. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. पुढे मात्र निबंध विस्मरणात गेला, तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत. विस्मरणात गेला याचा अर्थ विचार अस्तित्वात नव्हता असा होत नाही.

रखमाबाईंचा खटलाही गडकरींच्या प्रेक्षकांच्या स्मरणातला असणार. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की लहानपणी माझ्याशी लग्न झालेली ही बाई नांदायला येत नाही. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी रोगी बायकांच्या सेवेत घालवली. केसरीसह मोठा लोकमताचा प्रवाह त्यांच्या विरोधात होता. म्हणजे सिंधू रंगमंचावर येण्याच्या तीस वर्षं आधी एका मराठी बाईने उघडपणे सांगितलं होतं, की त्या घरापेक्षा तुरुंग परवडला. गडकरींचा हेतू काही असो, शपथ, दळण आणि जबाब हा क्रम त्यांनीच लिहिला आहे, आणि तो ओळखण्याइतकी भाषा त्यांच्या काळाकडे होती.

हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा इथे थोडक्यात उल्लेख करायला हवा. १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आलेल्या या कादंबरीत यमू स्वतःची कहाणी सांगते. तिची मैत्रीण दुर्गी वाईट नवऱ्याच्या हाती सापडलेली आहे, यमूचा नवरा रघुनाथराव मात्र समंजस, बायकोला शिकवणारा. वाचताना वाटतं, की दुर्गी अभागी आणि यमू भाग्यवान. मग रघुनाथराव वारतात आणि यमूचं शिकणं, बोलणं, हिंडणं सगळं एका झटक्यात जातं, तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन होतं. आपट्यांनी इथे फार खोलवरची गोष्ट हेरली आहे. यमूची मोकळीक तिची कधीच नव्हती, ती नवऱ्याच्या चांगुलपणावर चाललेली होती. चांगल्या नवऱ्याची बायको आणि वाईट नवऱ्याची बायको यांच्यात फरक नशिबाचा, अधिकार दोघींपाशी सारखाच नसलेला. ‘दिल्या घरी सुखी राहा’ या आशीर्वादात हे सगळं येतं.

दुसरा आक्षेप दारूचा. दारू नसती तर सुधाकर चांगलाच होता, दोष व्यसनाचा आहे, विवाहसंस्थेचा किंवा पुरुषी सत्तेचा नाही, असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. विदर्भात दारूबंदीसाठी बायकांनी मोठमोठी आंदोलनं केली, चंद्रपुरात त्या रस्त्यावर उतरल्या, त्यामागचं दुःख खोटं नाही. दारूने हात सैल सुटतो हे खरंच आहे. पण दारूने शपथेचा उलगडा होत नाही. नवरा शुद्धीवर असताना काय करतो ते पाहायचं असेल, तर विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ वाचावं. १९८१ साली लिहिलेलं हे नाटक एका इंग्रजी दैनिकाच्या बातमीदाराने बाई विकत घेऊन तो व्यापार उघडकीस आणला, त्या खऱ्या घटनेवरून सुचलं. नाटकातला जयसिंग जाधव दिल्लीतला नामांकित पत्रकार आहे, शोषितांच्या बाजूने धाडसाने लिहिणारा. त्याची बायको सरिता शिकलेली, चांगल्या घरची, चांगल्या कपड्यांत वावरणारी. तिच्या अंगावर वळ नाहीत. नाटकाच्या सुरुवातीला दिसतो तो टेलिफोन. जयसिंग घरी नसताना आलेला प्रत्येक फोन कुणाचा, काय निरोप, हे सरिताला लिहून ठेवावं लागतं. एखादा राहून गेला की साहेबांचा पारा चढतो. तिच्याकडे आलेल्या तिच्या काकांना, काकासाहेबांना, ही व्यवस्था चमत्कारिक वाटते, सरिताला तिची सवय झालेली आहे. तो कधी येणार, कुठे जाणार, हे तिला सांगितलं जात नाही. त्याला मात्र ती हाकेच्या अंतरावर हवी असते, जेवायला वाढायला आणि इतर सगळ्यालाच.

जयसिंग बाजारातून अडीचशे रुपयांना विकत घेतलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभी करण्यासाठी घरी आणतो, तेव्हा त्या खेडवळ बाईला सरिताकडे बघून एकच साधा प्रश्न पडतो. मालकाने हिला केवढ्याला घेतली? सरिता आधी चमकते, मग कमलाच्याच हिशेबात उत्तर देते. कमला पुढे जाऊन कामाची वाटणीही सुचवते. शिकलेलीने हिशेब बघावा, अडाणीने अंगमेहनत करावी, दोघींनी मिळून मालकाचं घर चालवावं. तेंडुलकरांच्या सगळ्या नाटकांत मला हा प्रवेश सर्वांत निष्ठुर वाटतो, कारण त्यात कुणीच कुणाला मारत नाही. बाजारात उभं राहण्याची वेळ जिच्यावर आली ती बाई बंगल्यातल्या बाईला तिची जागा दाखवते, तीही आपुलकीने. पुढे जयसिंगची नोकरी जाते. सरिता त्याला त्या घडीला सोडून जात नाही, पण आपण कुठे उभ्या आहोत हे तिला उमगलेलं असतं आणि ते ती बोलून दाखवते. इथे दारू आहे, पण ती कारण नाही. शिक्षण, पैसा, शहर, पुरोगामी विचार सगळं आहे, तरीही बाईचा दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो.

टेलिफोनची ती वही आता मोबाइलमध्ये गेली आहे. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी, शेलूबाजारला किंवा मानोऱ्याला माहेर असलेल्या बाईला एसटीने तासाभरात आईकडे पोचता येतं. समृद्धी महामार्ग शेलूबाजारावरून जातो. म्हणून अंतर मिटलं असं मानलं जातं. पण फोन कुणाकडे ठेवायचा, पासवर्ड कुणाला ठाऊक असायचा, माहेरी बोलताना स्पीकर चालू ठेवायचा की नाही, तिकिटाचे पैसे कुणाकडे मागायचे, याचा निर्णय ज्याच्या हाती असतो तोच अंतर ठरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांना मारहाणीबरोबरच इतर काही गोष्टीही विचारल्या जातात. दुसऱ्या पुरुषाशी बोललं की नवरा चिडतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरच्यांशी संबंध तोडू पाहतो का, कुठे आहेस याचा हिशेब सतत मागतो का. २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हा आकडा वर्तमानपत्रांत येतो. आधीच्या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा येत नाहीत. मैत्रिणींना भेटू न देणं ही बातमी होत नाही, तो ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ असतो.

मग ती निघून का जात नाही? हा तिसरा आक्षेप आणि सगळ्यांत जुना. तेंडुलकरांच्याच ‘कन्यादान’मध्ये, १९८३ सालच्या, त्याला सर्वांत अवघड रूप मिळालं आहे. ज्योती देवळालीकर समाजवादी आमदाराची मुलगी, आई सेवाही कार्यकर्ती. घरातले निर्णयही चर्चा करून घेण्याची पद्धत. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न ठरवते, वडील नाथ हरखून जातात, कारण त्यांनी आयुष्यभर जे भाषणांत सांगितलं ते घरात घडणार. लग्नानंतर मार सुरू होतो. ज्योती घर सोडून परत येते, अरुण मागोमाग येतो, माफी मागतो, स्वतःचे हात तोडायची भाषा करतो आणि ज्योती त्याच्याबरोबर जाते. गर्भार असतानाही तिला लाथा बसतात. तरी शेवटी ती वडिलांनाच सांगते, की आता तुम्ही माझ्याकडे येऊ नका. या मुलीला तर सगळं होतं. हक्काचं माहेर, शिक्षण, पाठीशी उभे राहणारे आईबाप. सिंधूला शपथेने बांधलं होतं, हिला कशाने बांधलं?

वडिलांच्या तत्त्वांनी, असं तेंडुलकरांचं उत्तर आहे आणि ते पटण्यासारखं आहे. माणूस बदलतो, त्याच्याकडे पाठ फिरवायची नसते, हे नाथनेच तिला शिकवलं. अरुणला सोडणं म्हणजे त्या शिकवणीत नापास होणं. बाईला बांधून ठेवायला दरवेळी सनातनी धर्मच लागतो असं नाही. तिला प्रिय असलेलं कुठलंही मूल्य त्या कामाला येतं, मग ते पातिव्रत्य असो वा क्षमा, मुलांचं भलं असो वा जात मोडण्याचं स्वप्न. नाथ मुलीच्या जिवाच्या काळजीने अरुणच्या आत्मचरित्रावर जाहीर सभेत खोटं कौतुकाचं भाषण करतो, तेव्हा ज्योती उसळते, आणि तिचा संताप रास्त आहे. तिच्या वतीने आता बापही खोटं बोलू लागला. नवऱ्याला सांभाळण्यासाठी साऱ्या कुटुंबाचीच जीभ गहाण पडली.

या नाटकावरचा एक आरोप मात्र टाळून पुढे जाता येत नाही. मारणारा दलित आणि सोसणारी ब्राह्मण, अशी मांडणी केल्याने हिंसेचा डाग एका समाजावर पडतो, असं दलित लेखक-कार्यकर्त्यांनी म्हटलं. हा आरोप मला बिनबुडाचा वाटत नाही. ‘कन्यादान’ एकटं वाचलं तर अरुणच्या क्रौर्याचं मूळ त्याच्या जातीच्या दुःखात शोधायचा मोह होतो आणि नाटक तो मोह पुरेसा आवरत नाही. पण ‘एकच प्याला’तला सुधाकर, ‘कमला’तला जयसिंग आणि अरुण यांना शेजारी बसवलं की दिसतं, की वकील, पत्रकार आणि कवी या तिघांच्या जातवर्गात साम्य नाही, साम्य आहे ते पद्धतीत. तिघेही बाहेरच्या जगात कुठे ना कुठे दुखावलेले किंवा धडपडणारे आहेत आणि तिघांनाही घरात एक माणूस असा हवा आहे, ज्याने हिशेब मागू नये. सुधाकरचा अपमान कोर्टात होतो, तो सिंधूने केलेला नसतो. किंमत सिंधू देते.

वाशीम मंगरूळपीरहून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे १९०७ साली गीता साने जन्मल्या. गणित शिकलेली, विज्ञानाची पदवी घेतलेली ही बाई १९३०च्या दशकात एकामागून एक कादंबऱ्या लिहीत होती. ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’, ‘लतिका’, ‘आविष्कार’. विभावरी शिरूरकरांचं नाव पुण्या-मुंबईत गाजलं, ‘कळ्यांचे निःश्वास’वर वादळ उठलं. साने मात्र आपल्याच जिल्ह्यात आज कितीजणांना ठाऊक आहेत? लग्न या व्यवस्थेलाच प्रश्न विचारण्याचा सरळपणा त्यांच्या लेखनात होता, नायिकेला रडवून वाचकाची सहानुभूती मिळवण्याची घाई नव्हती. वाशीम जिल्हा होऊन १९९८ पासून पाव शतक उलटलं, पण जिल्ह्याच्या अभिमानाच्या यादीत हे नाव वर यायला हवं तसं आलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यांची मुलगी वसुधा धगमवार कायद्याच्या अभ्यासक झाल्या. आईने कादंबरीतून मांडलेला प्रश्न मुलीने कायद्याच्या भाषेत मांडला असं म्हटलं तर वावगं होणार नाही. १९७२ मध्ये विदर्भातल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये आरोपी सुटले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याची खूण नव्हती, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूट सोसणं आणि राजी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या पत्राचा गाभा. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तो खटला लग्नाचा नव्हता, पण त्या पत्रातला भेद हाती घेऊन आपण सिंधूपाशी, ज्योतीपाशी गेलो तर ‘ती राहिली, म्हणजे तिला मान्य होतं’ हा निष्कर्ष काढताच येत नाही.

त्याच १९८३ साली नवऱ्याच्या व सासरच्यांच्या क्रूरतेसाठी ४९८-अ हे कलम आलं, आणि त्याबरोबर चौथा आक्षेपही. या कलमाचा गैरवापर होतो, खोट्या तक्रारी होतात, निरपराध सासू-सासरे भरडले जातात, तेव्हा कथा-कादंबऱ्यांनी पुरुषाला सतत आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करावं? सुप्रीम कोर्टानेही २०१४ मध्ये या कलमाखाली सरसकट अटक करण्यावर बंधनं घातली. एकही माणूस खोट्या आरोपाने तुरुंगात जाऊ नये हे मान्यच आहे. पण ही सगळी चर्चा तक्रार खरी की खोटी याभोवती फिरते, आणि जिने तक्रार केलीच नाही ती बाई या चर्चेत कुठेच नसते. ललित साहित्याचं काम तिथे सुरू होतं. पंचनाम्याला तारीख लागते, वार लागतो, जखमेची लांबी-रुंदी लागते. शपथ कोणत्या तारखेला घेतली, फोनची वही केव्हापासून सुरू झाली, याचा पंचनामा होत नाही. कादंबरी दहा वर्षांचं साचलेलं दाखवू शकते. इंग्लंडने २०१५ मध्ये नातेसंबंधातल्या सततच्या नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. आपल्याकडे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक छळाबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही हिंसेत धरला. पैसा अडवणं ही हिंसा आहे हे कायद्याला कळायला २००५ उजाडलं, सिंधूच्या जात्यापाशी बसलेल्या प्रेक्षकासमोर ते १९१९ पासून होतं.

सोसणाऱ्या बाईची प्रत्येक गोष्ट हे काम करते असं मात्र नाही. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ हा चित्रपट गावोगाव तुफान चालला, बायका टेम्पो करून थिएटरला गेल्या, रडून आल्या. त्या रडण्याला कमी लेखण्याचा अधिकार कुणाला नाही. अनेकींना आपलं दुःख चारचौघांत रडायची ती एकमेव जागा मिळाली असेल. पण तिथे छळ करणारी माणसं मुळातच दुष्ट असतात आणि सोसणारी मुळातच साध्वी. एक दुसऱ्यात कसं शिरतं, कोणत्या दिवशी कोणती मोकळीक गेली, हे दिसत नाही. टीव्हीवरच्या मालिकांनी तोच साचा रोज रात्री चालू ठेवला आहे. दुष्टपणा जन्मजात म्हटला की त्याला विचारायचं काही उरत नाही, आणि सहनशीलता दागिना म्हटली की ती काढून ठेवायचं कारणही उरत नाही.

कविता महाजन यांची ‘ब्र’ ही कादंबरी २००५ साली, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. नवऱ्याचं घर मागे सोडलेली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागात हिंडते. पंचायत राजमधल्या आरक्षणामुळे निवडून आलेल्या महिला सरपंचांना भेटते, त्यांचं ऐकते, टिपून ठेवते. कुणाची सही नवरा करतो, कुणाला ग्रामसभेत खुर्ची मिळत नाही, कुणी अविश्वासाच्या ठरावाला तोंड देते आहे. जुन्या गोष्टी जिथे संपत होत्या, म्हणजे बाईच्या मरणापाशी किंवा उंबरठ्यापाशी, त्याच्या पुढे ही कादंबरी सुरू होते. प्रफुल्लाला स्वतःच्या लग्नाबद्दल एकदम सगळं सांगता येत नाही. आधी ती दुसऱ्या बायकांचे जबाब ऐकत राहते. एसटीत, जीपमध्ये, कुणाच्या ओट्यावर. आपलं काय झालं हे ती त्या बायकांच्या मागून, तुकड्यातुकड्याने बोलू लागते.